बॉनेट उघडलेली जीप

सिस्टरची जीप साडेतीन महिने गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी होती आणि सिस्टर मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात. नोकरीची तीस वर्षं त्यांनी याच जीपमधून डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन बाळंतपणं केली होती. निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच महिन्यात जीपचा कार्ब्युरेटर पार कामातून गेला.

मुलगा म्हणाला, "आई, आता बसवायचंच तर फ्युएल इंजेक्शन बसवू. कार्ब्युरेटरची गाडी चढावर तिरकी झाली की गचके खात बंद पडते. तुला धक्का मारायला जमणार आहे का आता?"

बोलणं पटण्यासारखं होतं. सिस्टर हो म्हणाल्या.

मग सुरू झालं. पंप यायचाय. वायरिंगवाला आजारी आहे. उरलेलं पेट्रोल परत नेणारी नळी जोडायला टाकी उतरवावी लागेल. दर सोमवारी फोन, दर सोमवारी नवं कारण. सून कामावर जाताना दार ओढून घ्यायची. दार आतून उघडत होतं, पण उघडून जायचं कुठे? खाली रिक्षा मिळे, पण डांबर संपलं की ती मागे फिरे. सिस्टरना जायचं होतं ते त्याच्या पुढे, वस्त्यांवर.

शेवटी एका सकाळी त्या कुणाला न सांगता गॅरेजवर गेल्या. त्यांना पाहून मिस्त्री फडक्याला हात पुसू लागला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"इंजेक्शनचा सेट दाखव."

"बसा ना सिस्टर, चहा सांगतो."

"चहा नको. सेट."

"मागवलाच नाही," तो खाली बघत म्हणाला. "साहेब म्हणाले, चालढकल कर. आईला तोंडावर नाही म्हणता येत नाही."

सिस्टर तिथल्याच टायरवर बसल्या. राग यायच्या आधी त्यांना लाज वाटली. आपण रोज पंपाची वाट बघत होतो आणि घरात सगळ्यांना माहीत होतं.

"नवा कार्ब्युरेटर आहे?"

"आहे, पण चढावर त्रास..."

"तो त्रास माझ्या ओळखीचा आहे. जेटच्या बारीक भोकात कचरा अडकला तर मी खोलून, फुंकून काढलाय. इंजेक्शनचा तो कॉम्प्युटरचा डबा बिघडला तर मी कुणाला फोन करू? पुन्हा मुलालाच ना? लाव."

कार्ब्युरेटर बसेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

जीप इमारतीखाली लागली तेव्हा मुलगा धावत उतरला. "मला सांगायचं तरी!"

"तू सांगितलंस?"

मुलगा म्हणाला, "बाथरूममध्ये पडलीस तेव्हा दार तोडून आत मी आलो होतो, आई. अजून ऑफिसात फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का बघतो."

सिस्टरनी किल्ली मात्र दिली नाही.

आठवडाभर अबोला, मग तडजोड. गाडी आईनेच चालवायची, पण एकटीने नाही. आता रविवारी दोघं निघतात. डांबर संपलं की मुलगा समोरचा दांडा घट्ट धरतो आणि "हळू, आई" एवढंच बोलतो. वस्तीवरच्या बायका सिस्टरना घेरून बसतात, पोरंबाळं दाखवतात. बोलणं रंगात येतं तोवर मुलगा घड्याळ बघू लागतो. बायका म्हणतात, अजून थोडं बसा की. सिस्टर उठतात.