पाच वाजताचा ठेचा

तुमचा विश्वास बसायचा नाही, पण नागापूरच्या एमआयडीसीतला अख्खा कारखाना मी ठेच्यावर चालवला आहे. परवा माझी लेक सत्यशीला देवळाली प्रवराहून भेटायला आली, तेव्हा तिलाही हेच सांगत होतो. वर्षातून दोनदा येते. चहा पिऊन पिशवी उचलायला लागली, की घरात राहतो मी आणि टीव्ही. किस्सा लांबवला तर तिची एसटी हुकेल, असा माझा डाव होता.

"बस गं घटकाभर! मी तवा फोरमन हुतो. हाताखाली साठ मान्सं, पन घरी जायचं नाव कुनी घेईना. मग डोकं लढवलं. मशीनच्या पट्ट्याला हिरव्या मिरचीचा ठेचा चोपडला. पाच वाजता पट्टा असा तापायचा, की खमंग वास थेट गेटापर्यंत! साठच्या साठ मान्सं डबे उचलून घरी. दुसऱ्या दिवशी ताजीतवानी, काम दुप्पट! मालक म्हनला, फोरमन असावा तर असा."

"आन् तुमी?" पिशवी हातात धरूनच तिनं विचारलं.

"मी? सगळ्यांच्या म्होरं! सव्वापाचला तुझ्या आईसमोर पाटावर."

सत्यशीला उठली.

"खोटं नका बोलू, अण्णा. आई रोज तुमच्या वाटचा ठेचा झाकून ठिवायची, आन् सकाळी माझ्या शाळंच्या डब्यात तोच असायचा."