दहाव्याचा लेखक

आमच्या आळे गावाच्या पंचक्रोशीत माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया होते. मांडव पडतो, प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजली वाहतात आणि गेलेल्याचा जीवनपरिचय वाचला जातो. तो जीवनपरिचय मी लिहितो. बावीस वर्षं झाली. हायस्कुलात मराठी शिकवायचो म्हणून भावकीतल्या एकाचा लिहून दिला, तो लोकांना आवडला आणि तेव्हापासून पार नारायणगाव-पारगावपर्यंत माणूस गेला की पहिला फोन भटजींना, दुसरा मला.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. तीन-चारशे माणसं मांडी घालून माझं लिखाण ऐकतात, बायका डोळ्याला पदर लावतात. पुण्यातल्या किती लेखकांच्या वाट्याला हे येतं? आमच्या आळीतला सोपान दारू पिऊन पिऊन गेला, साऱ्या गावाला माहीत. मी लिहिलं, 'मित्रांच्या गोतावळ्यात रमणारे.' जिनं उभा जन्म त्याचा मार खाल्ला, त्या त्याच्या बायकोनं, ठमाबाईनं तो कागद माझ्याकडून मागून नेला आणि फ्रेम करून भिंतीला लावला. वाटलं, आपल्या लेखणीत काहीतरी आहे.

पण माझी खरी भूक निराळी होती. मला वडिलांवर, सावळेराम नावाच्या एका अवघड माणसावर कादंबरी लिहायची होती. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं रोज सकाळी बसून चारशे पानं लिहून काढली आणि पुण्याच्या एका प्रकाशकाकडे दिली. नऊ महिन्यांनी त्यांच्या संपादकबाईंचा फोन आला. बाई फार सौम्य बोलल्या, तेच जास्त लागलं.

"सर, भाषा स्वच्छ आहे. पण यातला एकही माणूस मला जिवंत वाटला नाही."

फोन ठेवल्यावर मी बाईंना मनसोक्त शिव्या घातल्या. शहरात बसून यांना आमची माणसं काय कळणार, वगैरे वगैरे. माझी बायको उज्ज्वला मेथी निवडत ऐकत होती. तिनं ती चारशे पानं माझ्या अपरोक्ष वाचली होती, हे मला त्या दिवशी कळलं. ती सांगायला लागली. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून मामंजींनी सासूबाईंना ताट फेकून मारलं होतं, ती खूण मरेपर्यंत त्यांच्या कपाळावर होती. साखरेचा डबा मामंजी कुलपात ठेवायचे. आणि सासूबाई शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा त्यांचा हात धरून हेच मामंजी दोन दिवस न जेवता बसले होते.

"आन तुमी काय लिवलंय? करारी, पण अंतःकरणानं प्रेमळ. मग त्यो माणूस कुठं गेला?"

तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी ते फेकलेलं ताट लिहायला बसलो. आईचं कपाळ, भिंतीवर ओघळलेली आमटी, सगळं डोळ्यांपुढे होतं. हातातून उतरलं 'शिस्तप्रिय.' खोडलं. मग आलं 'स्पष्टवक्ते.' आठ दिवस हेच चाललं. शेवटी वही मिटून मी रडलो, त्यात लाज कसली. बावीस वर्षं लोकांवर पांघरूण घालता घालता मी माझ्या कादंबरीचाही दहावा घातला होता.

उज्ज्वलाला माझी कीव आली असावी.

"गेलेल्याचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्यावर लिवा. मी हाये ना अजून, बघून लिवा. वंगाळ असंल त्ये बी लिवा, मी काय रागवायची न्हाई."

मला एकदम हुरूप आला. दिवसभर तिच्यामागे फिरलो. ती गोठ्यात गेली, शेजारणीशी कचाकचा भांडली, मग तिलाच वाटीभर कालवण देऊन आली, चुलीशी बसून स्वतःशीच काहीबाही पुटपुटली. सगळं पाहिलं आणि संध्याकाळी अर्धं पान लिहिलं. लिहिताना कुठे अडलो नाही. या वेळी जमलं, असं मला मनापासून वाटलं.

ती भाकरीचं पीठ मळत होती. तशीच उठली आणि पिठाच्या हातांनी कागद धरून वाचायला लागली. कष्टाळू, मनमिळाऊ, सासर-माहेर दोन्हीकडे आदराचं स्थान, पतीला खंबीर साथ. शेवटपर्यंत वाचलं तिनं, सावकाश.

"ही कवा वारली?" तिनं विचारलं.

ती थट्टा करत नव्हती. हसण्यावारी न्यावं म्हणून मी तोंड उघडलं, पण हसू येईना. पस्तीस वर्षांच्या संसारातलं तिच्याबद्दलचं एक तरी खरं वाक्य आत्ताच्या आत्ता तिच्या तोंडावर म्हणावं, म्हणून मी धडपडत होतो. ती समोर उभी होती, माझ्याकडे बघत, वाट पाहत. आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य आलं, अगदी घोटीव, कुठेही खोडावं न लागणारं: त्यांच्या पश्चात पती, दोन मुलं, एक सून आणि नातवंडं असा परिवार आहे.