नाव ठेवलेला मासा

मासा कसा कापायचा हे चंद्रप्रकाश परबांना कोणी शिकवायची गरज नव्हती. माणूस पक्का मालवणी. पण लेकीने दुकानातून आणलेला, मगरीसारख्या तोंडाचा बोटाएवढा मासा दोन वर्षांत हातभर झाला, काचेची पेटी त्याला पुरेना, तेव्हा मात्र त्यांचा हात सुरीकडे जाईना. घरात सगळे त्याला बाळू म्हणायचे. आता नाव ठेवलेल्याचं कालवण कसं करणार? एका सकाळी त्यांनी त्याला बादलीतून नेऊन मुलुंडच्या बागेतल्या तळ्यात सोडलं आणि म्हणाले, सुटलो.

सुटले कसले! वर्षभरात तळ्यातले रोहू-कटला दिसेनासे झाले. बागेच्या समितीने सरळ वॉचमन भाऊरावांवर आळ घेतला: हाच जाळं टाकून मासे विकतो. गरिबावर संशय घ्यायला पुरावा लागतो कुठे? भाऊराव आणि चंद्रप्रकाश एका वयाचे, रोज सकाळी बाकावर एक चहा दोघांत पिणारे.

"चंदू, पोरांची शपथ, एका माशाला हात लावला नाही मी यार."

"माहीत आहे रे मला," चंद्रप्रकाश म्हणाले आणि पुढचं चहाबरोबर गिळलं. असे ते तीन महिने गिळत राहिले.

भाऊरावांना कामावरून काढायचं ठरणार होतं त्या रविवारी मात्र चंद्रप्रकाशना राहवेना. तळ्याकाठी भरलेल्या बैठकीत ते उठून म्हणाले, "मासे माझ्या बाळूने खाल्ले."

सगळे हसले. समितीच्या दीप्ती मॅडम म्हणाल्या, "काका, दोस्तीसाठी काहीही काय सांगता!"

चंद्रप्रकाशनी पिशवीतून कोंबडीचा तुकडा काढून पाण्यावर टाकला. बराच वेळ काही नाही. मग तो लांब, दातेरी जबडा वर आला, तुकडा घेऊन बुडाला, आणि मॅडम दोन पावलं मागे सरल्या. बाळू केवढा वाढला होता! खोटं कशाला बोला, चंद्रप्रकाशना आधी कौतुकच वाटलं. लाज मागून आली.

मासा पकडायला माणसं बोलवायचं ठरलं. भाऊरावांची नोकरी राहिली.

बैठक पांगल्यावर भाऊरावांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सांगायला तोंड नव्हतं रे."

भाऊराव वळून फाटकाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश लवकरच चहा घेऊन गेले. त्यांना पाहताच भाऊराव खुर्चीवरून उठले, ताठ उभे राहिले.

"या साहेब," ते म्हणाले. "बाग उघडी आहे."