तयार नसलेलं औषध

दोघी बहिणींतल्या धाकटीची मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मली. वजन जेमतेम नऊशे ग्रॅम. तिच्या एका कुरकुरीवर सगळा वॉर्ड धावायचा, म्हणून सिस्टर तिला "सासूबाई" म्हणायच्या. बारा दिवस बरे गेले. तेराव्या दिवशी सकाळी पोट फुगलं, नाकातल्या नळीतून हिरवं पाणी आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतड्याला सूज आहे. दूध बंद."

निरोप मिळाला तेव्हा थोरली प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांचं वजन करत होती. गेली सहा वर्षं ती याच आजारामागे लागली होती. आपलं आतडं जंतू मारणारे प्रथिनांचे बारीक तुकडे स्वतःच बनवतं. दिवस न भरलेल्या बाळाला ते पुरेसं जमत नाही, आणि जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतात. थोरलीच्या गटाने तसा एक तुकडा बनवला होता. तो दिलेल्या बऱ्याच पिल्लांची आतडी भरून आली होती.

थोरली दवाखान्यात पोचली तेव्हा धाकटी दूध काढायच्या खोलीत बसली होती. केस विंचरलेले नव्हते.

"ताई, तुझं औषध आण."

"ते अजून औषध नाही गं."

"पिल्लं वाचली ना?"

"दहातली सात."

"मग?"

"उरलेली तीन का गेली, कळलेलं नाही. जास्त झालं तर ते जंतूंसोबत आपल्या पेशीही फोडतं. माणसाच्या बाळाला किती द्यायचं, कुणालाच ठाऊक नाही."

"तुझी असती तर दिलं असतंस."

दुसऱ्या दिवशी थोरलीने पिंजऱ्यावरच्या कार्डाच्या पाठीमागे नऊशे ग्रॅमला किती द्यावं लागेल ते मांडून पाहिलं. उत्तर दोन ओळींत आलं. इतक्या सहज आलं की तिने कार्ड फाडलं.

तिसऱ्या दिवशी आतड्याला छिद्र पडलं. ऑपरेशनमध्ये अकरा सेंटीमीटर आतडं काढलं आणि उरलेल्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलं. धाकटीने बहिणीशी बोलणं टाकलं.

थोरली तरी रोज जायची. दूध काढायच्या पंपाचे भाग गरम पाण्यात धुवायची, बाटल्यांवर तारीख घालायची. एकदा धाकटी ताजं दूध सिंकमध्ये ओतायला निघाली. "कुणासाठी साठवायचं? तिला पाजायचंच नाहीये."

थोरलीने बाटली काढून घेतली. "मी सहा वर्षं जे बनवतेय, तसलेच तुकडे यात आहेत. थोडे, पण आहेत. पोट सुरू झालं की आधी हेच देतील."

"भाषण नको." पण ती परत खुर्चीत बसली आणि तिने पंप लावला.

ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी सिस्टरनी नळीतून एक मिलिलिटर दूध सोडलं. दोघी उभ्या राहून पाहत होत्या. तासाभराने सिस्टरनी पोट चाचपलं. मऊ होतं.

"पचलं सासूबाईंना," सिस्टर म्हणाल्या.

"पुढचं किती वाजता?" धाकटीने विचारलं. तिने विचारलं सिस्टरना, पण हात बहिणीच्या मनगटावर ठेवला.

पुढे दूध दोनदा बंद करावं लागलं, पुन्हा सुरू झालं. पोटावरचं तोंड आत घेतलं, तेव्हा मुलगी अडीच किलोची होती. साडेचार महिन्यांनी ती घरी आली. वजन अजूनही रांगत वाढतं, आणि धाकटी दर आठवड्याला काट्यासमोर श्वास रोखून उभी असते.

एका दुपारी मुलीला मांडीवर झोपवताना तिने विचारलं, "ताई, तेव्हा दिलं असतंस, तर ऑपरेशन टळलं असतं?"

"माहीत नाही गं."

"खरंच?"

"खरंच. मलाही रोज वाटतं, कळायला हवं होतं."

धाकटी मुलीला बहिणीकडे देत म्हणाली, "घे जरा. माझी पाठ मोडलीये."

थोरलीने तिला खांद्यावर घेतलं आणि ती खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. धाकटी आडवी झाली, आणि पाच मिनिटांत घोरायला लागली.