सहा आठवडे एकही लाल नाही

काकूंना नणंदेचा फोन आला तेव्हा त्या ऑफिसचा जिना चढत होत्या. नणंद धाकटी, मोठ्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या वॉर्डात रुग्णांच्या गोळ्यांची वेळ सांभाळणारं एक यंत्र होतं, आणि त्याचं सॉफ्टवेअर नेमकं काकूंच्या कंपनीचं.

"वहिनी, तुमच्या यंत्राला विसरभोळेपणा जडलाय का गं?" नणंद म्हणाली. "आजोबांना गोळी दिली, मग जरा वेळ नेटवर्क गेलं. परत आल्यावर यंत्र म्हणतंय, गोळी राहिलीये, द्या. मला आठवत होतं म्हणून निभावलं."

काकू तिथेच थांबल्या. नेटवर्क तुटलं तर काय होतं, हे तपासणारी चाचणी त्यांनी स्वतः लिहिली होती. ती रोज सकाळी आपोआप चालायची. चूक असती तर रिपोर्टमध्ये लाल खूण दिसली असती.

त्या थेट साहेबांकडे गेल्या. रोजचा रिपोर्ट हल्ली साहेबच बघत; तो उघडून त्यांनी स्क्रीन काकूंकडे वळवली. "तीनशे बारा चाचण्या, सगळ्या पास. सहा आठवडे एकही लाल नाही. नर्सबाईंचाच काहीतरी घोळ असेल."

झालं, काकूंच्या मनात पाल चुकचुकली ती याच वाक्याने. एकोणीस वर्षं त्या हेच काम करत होत्या, वयाने सगळ्यांत मोठ्या म्हणून ऑफिसभर काकू झाल्या होत्या, पण सलग सहा दिवससुद्धा लाल दिसलं नाही असं कधी झालं नव्हतं. इथे पाणी मुरत होतं. कुणी मुरवलं, एवढंच शोधायचं होतं.

आणि दोनच महिन्यांपूर्वी मुनी आला होता. स्वयंचलित चाचण्या त्याच्या ताब्यात. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप, म्हणून मुनी. काकू जवळून गेल्या की तो लॅपटॉपवरची खिडकी मिटायचा. स्क्रीनवर एकदम कोरा डेस्कटॉप. परवा तर त्याने विचारलं होतं, "काकू, मागच्या महिन्यात तुम्ही रजेवर कधी होतात?" तेव्हा त्यांनी सहज तारखा सांगितल्या होत्या. आता तो प्रश्न त्यांना काट्यासारखा टोचू लागला. याला माझ्या रजेशी काय देणंघेणं?

दुपारी काकूंनी कोडची एक वेगळी प्रत काढली आणि तिच्यातला एक नियमच पुसून टाकला: दिलेली गोळी पुन्हा मागू नये. मग सगळ्या चाचण्या चालवल्या. बारा मिनिटं त्या पापणी न लववता बसून होत्या. रिपोर्ट आला. तीनशे बारा, सगळ्या हिरव्या.

त्या उठल्या, मुनीच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "जरा मीटिंगरूममध्ये या."

दार लागल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "कुंपणच शेत खातंय. तुम्ही आलात आणि चाचण्या नापास व्हायच्या थांबल्या. काय केलंत?"

मुनीने सोबत आणलेला लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला. त्यातही कोडच्या प्रती होत्या, चार. चारही मुद्दाम बिघडवलेल्या, चारही पास.

"मला वाटलं, तुम्ही केलंत," तो म्हणाला.

"मी?"

"चाचण्या जुन्या, तुम्ही लिहिलेल्या. तुम्ही रजेवर असतानाही रिपोर्ट असाच येतो का, ते बघत होतो."

"मग मला सरळ विचारायचं की."

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

काकूंनी खुर्ची ओढली. दोघांनी तो देखणा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि त्याच्यामागची कच्ची नोंद ओळीओळीने वाचायला घेतली. तासाभराने मुनीचं बोट एका आकड्यावर थांबलं. खरोखर चाललेल्या चाचण्या दोनशे एकाहत्तर. उरलेल्या एक्केचाळीस टूलने, म्हणजे चाचण्या चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, नुसत्या ओलांडल्या होत्या आणि रिपोर्टने त्या पास धरल्या होत्या. सहा आठवड्यांपूर्वी टूलचं नवं व्हर्जन आलं होतं. त्याला चाचण्यांच्या फाइलींची नावं नव्या पद्धतीची लागत. काकूंच्या फाइलींची नावं जुनी. ते व्हर्जन साहेबांनी मंजूर केलं होतं, सोबतची सूचना न वाचता.

नावं बदलून त्यांनी सगळं पुन्हा चालवलं. सहा लाल. पहिलीच नेटवर्कची.

साहेबांचा चेहरा उतरला. "आधी गुपचूप दुरुस्त करू," ते म्हणाले. "बाहेर बोभाटा कशाला?"

"दुरुस्तीला चार दिवस लागतील," काकू म्हणाल्या. "तेवढे दिवस नर्सना यंत्रावर भरवसा ठेवू द्यायचा? आज कळवा, साहेब. नाहीतर मी नणंदेला सांगते, आणि तिच्या पोटात काही राहत नाही."

संध्याकाळच्या आत सगळ्या हॉस्पिटलांना पत्र गेलं: दुरुस्ती होईपर्यंत गोळ्यांची नोंद हाताने ठेवा. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. एका ठिकाणी एका आजींना झोपेची गोळी दोनदा गेली होती. त्या पडल्या, मनगट मोडलं. काकूंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्या पाणी प्यायला उठल्या.

पाण्याच्या टाकीपाशी मुनी उभा होता.

"माझा तुमच्यावर संशय होता," काकू म्हणाल्या.

"माझाही तुमच्यावर."

"अजून आहे?"

त्याने विचार केला. "थोडा."

"असू द्या," काकू म्हणाल्या. "उद्यापासून माझ्या फाइली तुम्ही तपासा, तुमच्या मी तपासते."

मुनीने मान हलवली आणि त्यांच्यासाठी ग्लास भरला.