एका दुपारचा वारा

"बंद करा ना तो, धरमना बाप! हाड फोडी ऱ्हायना मन्हं."

हेमकांत नानांनी पंखा बंद केला. घटकाभरात वत्सलाबाईंना घाम फुटला आणि त्यांनीच पुन्हा पंखा मागितला. सारंगखेड्याला उन्हाळ्यात ऐन दुपारी लाइट जायची, म्हणून धर्मेंद्रने सुरतेहून आईसाठी बॅटरीवरचा पंखा पाठवला होता. त्याला वेग एकच, तोही सुसाट. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाईंचा उजवा हात वाऱ्याने ठणकायचा, आणि वारा नसला की अंथरूण भिजून पाठ सोलवटायची.

"चालू करं का हाड, बंद करं का घाम. तुले देवबी राजी करू शकस नही," नाना म्हणाले.

"देवले ऱ्हावू द्या. तुम्ही इतला वरीस कालेजमा तारा जोड्यात. एक मन्हासाठे जोडा ना."

त्या सहज बोलल्या, पण नानांना ते लागलं.

नंदुरबारच्या एका कॉलेजात नाना प्रयोगशाळेत मदतनीस होते. तिथे मुलं ब्रेडबोर्डवर सर्किट बांधायची. भोकाभोकांची प्लास्टिकची पट्टी. पार्ट आणि तारा नुसत्या खोचायच्या, सोल्डरिंगची भानगड नाही. सर्किट चाललं, सरांची सही झाली, की नानांचं काम सुरू. तारा उपटायच्या, बोटांनी सरळ करायच्या, पार्ट ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. तसंच ठेवलं तर पुढची बॅच आयत्यावर हात मारणार! नोकरीभर त्यांनी एकाही सर्किटला दुसरा दिवस पाहू दिला नाही. घरचा मिक्सर आणि रेडिओ मात्र 'उद्या बघू' म्हणता म्हणता भंगारात गेले. पुढे वत्सलाबाईंनी सांगणंच सोडून दिलं होतं.

शेजारच्या करणसिंगाने शहाद्याहून पार्ट आणून दिले आणि नाना खाटेशेजारी मांडी ठोकून बसले.

"पंखा बंद-चालू, बंद-चालू करानं," त्यांनी समजावलं. "इतलं झटपट का डोयाले दिसस नही. चालूना वाटा कमी करं का वारं कमी."

"मंग तो बिचारा थकस नही का?"

पहिल्या जोडणीत पंखा कुणकुणायला लागला. "हाऊ डास कोठून उना?" बाईंनी विचारलं. नानांनी कपॅसिटर बदलला, कुणकुण थांबली. मग त्यांनी जोडणीतलं वेगाचं बटण हळूहळू मागे फिरवलं. पंख्याचा आवाज उतरत गेला, पाती वेगवेगळी दिसायला लागली.

"अस्सं," वत्सलाबाई म्हणाल्या. "अस्संच ऱ्हावू द्या." आणि त्यांना झोप लागली. दुपारभर त्या एकदाही कण्हल्या नाहीत. नाना खाटेच्या पायाशी बसून होते. इतकं साधं काम होतं, मग आजवर का केलं नाही, या विचाराने त्यांना स्वतःचाच राग येत होता.

संध्याकाळी लाइट आली. सून दिपालीने बॅटरी सोडवून चार्जिंगला लावली आणि सासूचं अंग पुसायला घेतलं. नाना ब्रेडबोर्ड घेऊन ओट्यावर आले. करणसिंग आपली घोडी गावच्या घोडेबाजाराच्या जत्रेपर्यंत कशी तयार होईल ते सांगत बसला होता. नानाही रंगात येऊन बोलत होते.

"नाना, हाई काय करं तुम्ही?" चहा आणणारी दिपाली दारातच थांबली.

नानांनी खाली पाहिलं. पट्टी मोकळी झाली होती. तारा सरळ होऊन मुठीत होत्या, पार्ट डबीत होते. हातांनी नेमाने आवरून टाकलं होतं सगळं!

ते आत गेले. "आत्तेच परत जोडस."

वत्सलाबाई हसल्या. "नोकरी सरनी, पन हात आजून कालेजमाच शेतस. ऱ्हावू द्या, दमनात तुम्ही. सकाय करा."

नानांनी ऐकलं. उद्या सोल्डरिंग करून कायमचंच करू, असं ठरवलं.

सकाळी ते सोल्डरिंग गन तापवत असतानाच दिपालीने हाक मारली. दुसरा झटका होता.

धुळ्याच्या दवाखान्यात खाट मिळाली ती नेमकी मोठ्या पंख्याखाली. वाचा गेली होती. डावा हात तेवढा सारखा चादर ओढून उजव्यावर घ्यायला धडपडत होता. नानांना कळलं. त्यांनी नर्सला पंखा बंद करायला सांगितलं.

"काका, बाकीच्या पेशंटनी काय करायचं?"

खरंच होतं. नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी पसरून वाऱ्याच्या आड धरला. कपाळावर घाम दिसला की बाजूला घ्यायचा, चेहरा आवळला की पुन्हा धरायचा. त्या संध्याकाळी घटकाभर बसलो असतो तर हिला एक रात्र तरी सुखाची मिळाली असती, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

करणसिंग भेटायला आला तेव्हा नानांचे दंड भरून आले होते. "बसा, नाना. मी धरस."

"तुले जमाव नही. कव्हय धरनं, कव्हय काढनं, ते तिन्हा कपायवरतीन समजस."

बाईंची धडपड थांबली, डोळा लागला, डावा हात चादरीवर निवांत पडला. नाना टॉवेल धरून उभेच राहिले.