दोन सेकंदांचा थांबा

“तुम्ही माणसांचे हात कापायला निघालायत, साहेब.”

प्रोग्रामर बाई दार न वाजवताच केबिनमध्ये घुसली होती. साहेबांनी चहाचा कप सावकाश खाली ठेवला.

“बस आधी. स्क्रिप्ट तुझंच आहे ना?”

तिचंच होतं. जेमतेम दहा ओळी. मशीनच्या फाइलींत जिथं जिथं ‘थांब’चा कोड असेल, तिथं तो खोडून ‘दोन सेकंद थांबून पुढे चल’चा घालायचा. एरवी मशीन थांबलं की ऑपरेटर आत हात घालून लोखंडाचा कीस काढतो. त्यानं बटण दाबल्याशिवाय मशीन जागचं हलत नाही. किती वेळ वाचेल ते दाखव, असं साहेब म्हणाले, म्हणून तिनं ते निव्वळ चाचणीसाठी लिहिलं. माणूस उभा असेल तिथं चालवू नका, हेही बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मशीनची फाइल बदललेली तिला आज दिसलीच. मशीन चालू असताना दार उघडू न देणारं लॉक तर साहेबांनी कधीच काढायला लावलं होतं. वेळ खातं म्हणे.

“बदललेली फाइल कुठं गेली?”

“चार नंबरच्या मशीनवर टाकलीय, आत्ताच. फळ्यावर सूचना लावलीय की. वाचतील, अडाणी आहेत का?”

चार नंबरवर तिचा सख्खा भाऊ होता. दादा फळ्याकडं कशाला बघतोय? तो कानानं काम करायचा. आवाज थांबला की हात आत. केस पिकले तरी त्यात फरक नव्हता.

ती पळाली. साहेब मागोमाग.

ती पोचली तेव्हाच मशीनचा आवाज थांबला. दादा मान वळवून शेजाऱ्याची टर उडवत होता, आणि हात आपला आपण आत चालला होता. तिनं लाल बटणावर थाप मारली.

“अगं ए बये! चालू काम बंद पाडलंस. आज चहा नाही का मिळाला?”

तिनं त्याचं मनगट धरून हात बाहेर ओढला. सोडला नाही.

“दादा, ते थांबलं नव्हतं.”

तो हसायला गेला, अर्ध्यातच राहिला. आधी लोखंड कापणाऱ्या टूलकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडं.

“काही झालं का? नाही ना?” साहेब म्हणाले. “मग लागा कामाला.” पण त्यांची नजर शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेली होती. तिनं ती पकडली.

त्या टोकाचं एक मशीन गप्प झालं. त्याच्यापुढं कुणीतरी वाकलं.

ती तिकडं धावत सुटली, आणि धावता धावताच ओरडली,

“साहेब, अजून कुठं कुठं टाकलीय? बोला!”